आठव्या विधानाचं प्रकरण

दहा वाक्यांची प्रश्नावली. नऊ वाक्यं एका बाजूला झुकतात आणि आठवं भलतीकडेच तोंड करून बसतं. अशा वेळी चूक कुणाची धरायची? वाक्याची, भाषांतर करणाऱ्याची, उत्तरं देणाऱ्या मुलामुलींची, की शेवटी बेरीज मारणाऱ्याची? रोझेनबर्गची आत्मसन्मान प्रश्नावली चिनी विद्यार्थ्यांवर वापरताना हा प्रश्न गेली तीसेक वर्षं पुन्हा पुन्हा डोकं वर काढतोय. मी संशोधनपद्धती शिकवते. ‘सप्रमाणता’, म्हणजे साधन जे मोजायचं म्हणतं तेच मोजतं का, हा धडा आला की पाठ्यपुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवून मी हे एकच प्रकरण फळ्यावर मांडते, कारण यात सगळं आहे: व्याकरण, संस्कृती, आकडेमोड आणि थोडा आळस.

आधी मूळ साधन. मॉरिस रोझेनबर्ग हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ. न्यूयॉर्क राज्यातल्या 10 शाळांमधल्या वरच्या दोन इयत्तांच्या 5,024 मुलामुलींचा त्यांनी अभ्यास केला. तो 1965 मध्ये पुस्तकरूपाने आला, आणि त्यासाठी बनवलेली ही दहा वाक्यांची पट्टी पुस्तकापेक्षा कितीतरी लांब गेली. ‘एकंदरीत मी स्वतःबद्दल समाधानी आहे’, ‘माझ्यात बरेच चांगले गुण आहेत’ अशी पाच सरळ वाक्यं. ‘आपण अगदीच निरुपयोगी आहोत असं मला कधी कधी वाटतं’, ‘अभिमान वाटावा असं माझ्याजवळ फारसं काही नाही’ अशी पाच उलट. सरळ वाक्याला ‘पूर्ण सहमत’ म्हटलं की 4 गुण, उलट वाक्याला ‘पूर्ण सहमत’ म्हटलं की 1. बेरीज 10 ते 40 च्या मध्ये कुठेतरी पडते. (काही जण 0 ते 3 असे गुण देतात आणि बेरीज 0 ते 30 मध्ये आणतात. तो घोळ वेगळाच.) उलट वाक्यं घालायची ती एवढ्यासाठी, की बरीच माणसं वाचायचा कंटाळा करून प्रत्येक ओळीला ‘हो’ म्हणत खाली उतरतात. त्यांना मध्येच ठेच लागावी.

रोझेनबर्गना आत्मसन्मान म्हणजे ‘आपण इतरांपेक्षा थोर’ ही भावना अभिप्रेत नव्हती. आपण बऱ्यापैकी आहोत, माणूस म्हणून आपली काही किंमत आहे, आपण जसे आहोत तसा आपल्याला आपला आदर वाटतो, इतकंच. प्रचलित क्रमातलं आठवं वाक्य नेमकं या आदरावर उभं आहे. त्या इंग्रजी वाक्याचा भाव मराठीत आणायचा तर असा: ‘मला स्वतःबद्दल जरा जास्त आदर वाटला असता तर बरं झालं असतं.’ याला ‘हो’ म्हणणारा माणूस कबूल करतो की तो आदर आज कमी पडतोय. म्हणून ते उलट वाक्य. रोझेनबर्गच्या मूळ गुणपद्धतीत दहा वाक्यांच्या सहा पायऱ्या केलेल्या होत्या. काही पायऱ्या दोन-तीन वाक्यं मिळून होत. आठवं मात्र एकटंच एका पायरीचा भार उचलत होतं. ते काही भरतीचं वाक्य नव्हतं.

जी यिफू आणि यू शिन यांनी केलेली चिनी आवृत्ती मानसिक आरोग्याच्या मापनपट्ट्यांच्या बीजिंगहून निघालेल्या संग्रहात 1993 मध्ये आली. त्या संग्रहाची सुधारित आवृत्ती 1999 मध्ये निघाली. मुख्यभूमीतल्या विद्यापीठांमध्ये हा संग्रह म्हणजे हाताशी असलेला गठ्ठाच: पट्टी उघडायची, छापायची, वाटायची. आता छापायचंही नाही. वर्गाच्या वीचॅट गटात (व्हॉट्सॲपसारखंच ते) फूदाओयुएन, म्हणजे विद्यार्थ्यांची देखरेख करणारा शिक्षक, एक क्यूआर कोड टाकतो. मुलं वसतिगृहातल्या चौघा-सहाजणांच्या खोलीत पलंगावर आडवं पडून वनज्वेनशिंगसारख्या, प्रश्नावल्या भरून घेणाऱ्या संकेतस्थळावर टिचक्या मारत सुटतात. कधी शेवटी दोन-चार युआनची होंगबाओ मिळते, लाल पाकिटातली ओवाळणी म्हणा ना. दहा वाक्यं दोन मिनिटांत संपतात. चार दिवसांत चारपाचशे उत्तरं गोळा होणं काही अवघड नसतं, आणि आपल्या प्रकरणाची सुरुवात इथेच होते, कारण उत्तरं इतकी स्वस्त झाली की वाक्यं वाचायला कुणी थांबत नाही.

आता समजा तुमच्यापुढे अशा उत्तरांचा तक्ता आहे. पहिलं काम विश्वसनीयता काढण्याचं, म्हणजे वाक्यं एकमेकांशी किती जुळून चालतात ते बघण्याचं. क्रोनबाख आल्फा नावाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो: 0.70 च्या वर गेला की हायसं वाटतं, 0.80 च्या वर गेला की चहा मागवला जातो. हा आकडा आपल्याला कसा गंडवतो ते एकदा कागदावर करून बघण्यासारखं आहे. खालचे आकडे कुठल्या पाहणीतले नाहीत, नुसतं गणित आहे.

नऊ वाक्यं घ्या, जी एकमेकांशी चांगली जुळलेली आहेत. कुठल्याही दोघांमधला सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण जुळणं, 0 म्हणजे काहीच संबंध नाही, उणे म्हणजे उलटं चालणं) 0.40. सूत्रात घातलं की आल्फा येतो 0.86. आता त्यात आठवं वाक्य घाला. समजा गुण उलटे दिल्यावर ते बाकी नऊही वाक्यांशी -0.10 असं वागतंय. म्हणजे ते जुळत नाही एवढंच नव्हे, किंचित उलट्या दिशेने ओढतंय. दहा वाक्यांच्या जोड्या होतात 45. त्यांतल्या 36 जोड्या 0.40 च्या, 9 जोड्या -0.10 च्या. सरासरी उतरते 0.30 वर. आल्फा किती येतो? 0.81.

बघा, म्हणजे एक अख्खं वाक्य उलटं चालत असूनही आल्फा 0.81. प्रबंधात हा आकडा लिहिला तर कुणी भुवई उंचावणार नाही. ‘प्रश्नावलीची विश्वसनीयता समाधानकारक आहे’ असं वाक्य त्याखाली येणार आणि पान उलटणार. बिघाड दिसतो तो एकेका वाक्याचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंध काढला तरच. तो तक्ता संगणक फुकटात देतो. त्यात नऊ ओळी अंगापिंडाने सारख्या असतात, आणि आठव्या ओळीत शून्याच्या आसपास किंवा शून्याखालचा आकडा लटकत असतो. ती ओळ न बघता पुढे गेलेले लोक कमी नाहीत. आणि बघितलेल्यांपैकीही पुष्कळांनी फक्त ओळ बघितली, वाक्य बघितलंच नाही.

ते वाक्य असं आहे: ‘वो शीवांग वो नंग वेइ त्स्‌जी यिंगद कंग दुओ त्सुनजोंग.’

मला चिनी येत नाही. चिनी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीकडे ते घेऊन गेले आणि मुद्दाम काही न सांगता विचारलं, हे काय म्हणतंय? तिने एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

“मला स्वतःसाठी अधिक मान मिळवता येईल अशी आशा आहे,” ती म्हणाली. “कुठल्या भाषणातलं आहे का?”

“नाही गं, मानसशास्त्राच्या प्रश्नावलीतलं आहे. याला ‘हो’ म्हणणाऱ्याला स्वतःबद्दल आदर कमी आहे असं धरतात.”

“असं कसं? अगं, यात स्वतःला आदर द्यायचं काही नाहीच. यात चार लोकांकडून मान मिळवायचाय. नोकरीच्या मुलाखतीत बोलावं तसं वाक्य आहे हे.”

दोन मिनिटांत प्रकरण उलगडलं. एकेक शब्द घेऊन बघितलं तर घसरण तीन ठिकाणी आहे.

पहिली ‘वेइ त्स्‌जी’ या दोन शब्दांत. इंग्रजीतल्या मूळ वाक्यात आदर आणि स्वतः यांना जोडणारं जे चिमुकलं शब्दयोगी अव्यय आहे, त्याचे दोन अर्थ होतात: ‘स्वतःबद्दल’ आणि ‘स्वतःसाठी’. इंग्रजी वाचणाऱ्याला संदर्भावरून पहिला अर्थ लागतो. चिनी वाक्याने दुसरा उचलला. ‘स्वतःबद्दलचा आदर’ गेला आणि ‘स्वतःसाठी मान’ आला. मराठीत या दोन गोष्टींना आपण शब्दही वेगळे वापरतो. आदर मनात असतो, मान पंगतीत मिळतो.

दुसरी ‘यिंगद’ या क्रियापदात. त्याचा अर्थ जिंकणं, कमावणं. एकदा ‘स्वतःसाठी’ असा अर्थ धरला की नुसतं ‘असणं’ पुरत नाही, काहीतरी करून मिळवावं लागतं, म्हणून हे क्रियापद आलं असावं. वाक्य वाचायला गुळगुळीत झालं आणि अर्थ आणखी एक पाऊल सरकला. ज्याने जास्त मान जिंकायचा तो कमीपणा कबूल करत नाहीये, तो कंबर कसतोय.

तिसरी घसरण सगळ्यांत बारीक आहे: ‘शीवांग’. हा शब्द आशेचा आहे. जे होऊ शकतं त्याची आशा. इंग्रजी मुळात मात्र हळहळ आहे, जे नाही त्याची. मराठीत हा फरक आपण श्वास घेतल्यासारखा करतो: ‘पाऊस पडावा’ वेगळं आणि ‘पाऊस पडला असता तर बरं झालं असतं’ वेगळं. चिनी क्रियापदाला असा ‘असता-असतं’चा प्रत्यय लावायची सोय नाही.

यावरून एक जुना वाद आठवतो. आल्फ्रेड ब्लूम यांनी 1981 मध्ये असं मांडलं, की चिनी भाषेत न घडलेल्या गोष्टीसाठी वेगळं क्रियारूप नसल्यामुळे चिनी भाषकांना ‘असं झालं असतं तर’ या प्रकारचा विचार करणं जड जातं. टेरी औ यांनी 1983 मध्ये तसेच प्रयोग नीट, बोलल्यासारख्या चिनीत लिहिलेल्या गोष्टी घेऊन केले आणि चिनी भाषकांना तो विचार अजिबात जड जात नाही असं दाखवलं. म्हणजे ब्लूम यांनी ज्याला विचारसरणी समजलं त्यात अवघडलेल्या भाषांतराचा मोठा हात होता. आठव्या वाक्याच्या प्रकरणात मला हा वाद फार मोलाचा वाटतो, कारण चिनीत हळहळ सांगता येत नाही हे खोटं आहे. ‘याओश… ज्योउ हाओ ल’ अशी रचना रोजच्या बोलण्यात आहे, आणि ती आपल्या ‘…तर बरं झालं असतं’ला जवळजवळ शब्दाला शब्द भिडते. ती वापरून केलेलं आठव्या वाक्याचं एक चिनी रूप फिरतंही आहे. त्यात ‘त्सुनजोंग’ हा भारदस्त शब्दच नाही. त्याजागी ‘कान्‌दछी’ आहे, म्हणजे एखाद्याला मानणं, त्याची किंमत ठेवणं. याच्या उलट शब्दाचा अर्थ कमी लेखणं. ‘मी स्वतःला जरा जास्त किंमत देऊ शकलो असतो तर बरं झालं असतं.’ याला ‘हो’ म्हणताना माणूस क्षणभर थांबेल. पहिल्या वाक्याला कोण थांबणार?

मग भाषांतर तपासलं नव्हतं का, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. प्रश्नावल्यांची भाषांतरं तपासायची रूढ रीत म्हणजे उलट भाषांतर. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 मध्ये ती नीट मांडली: एकाने इंग्रजीतून चिनीत न्यायचं, मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने चिनीतून परत इंग्रजीत आणायचं, आणि दोन्ही इंग्रजी वाक्यं शेजारी ठेवायची. या वाक्याच्या बाबतीत ती केली होती की नाही हे बाजूला ठेवू. केली असती तरी काय दिसलं असतं ते बघा. परत आलेल्या वाक्यात ‘अधिक’ आहे, ‘आदर’ आहे, ‘स्वतः’ आहे, इच्छाही आहे. ते दुटप्पी अव्ययसुद्धा परत जागेवर आलेलं असतं, कारण इंग्रजीत ते दोन्ही अर्थांना चालतं. घाईत बघणारा बरोबरची खूण करणार. उलट भाषांतर शब्द हरवलेला पकडतं. शब्द सगळे हजर आणि अर्थ मात्र गैरहजर, हे त्याच्या जाळ्यातून निसटतं.

हाँगकाँगमधल्या चेंग आणि हमीद यांनी 1995 मध्येच चिनी लोकांसाठीच्या भाषांतरित रोझेनबर्ग पट्टीवर एक छोटा लेख लिहिला होता, आणि त्याच्या शीर्षकातच ‘चूक’ हा शब्द होता. मुख्यभूमीत ही चर्चा पुढच्या दशकात रंगली. 2006 मध्ये तियान लुमेई यांनी चिनी आवृत्तीचे गुणदोष मांडणारा लेख लिहिला आणि त्यानंतर प्रबंधांमध्ये आठव्या वाक्याविषयी एक ओळ टाकायची पद्धतच पडली. त्या ओळीत बहुतेक वेळा कारण दिलेलं असतं ते ‘चिनी आणि पाश्चात्त्य संस्कृतींतला फरक’.

इथे मी जरा अडते. संस्कृतीचा भाग नाही असं मला म्हणायचं नाही. चिनी घरात आणि शाळेत ‘शांगजिन’ हा मोठा गुण मानला जातो. वर चढण्याची, सुधारण्याची धडपड. आहे त्यात समाधान मानणारा मुलगा तिथे कौतुकाचा विषय होत नाही. ‘अजून हवं’ म्हणणं हे तिथे कमतरतेचं नव्हे, शहाणपणाचं लक्षण. शिवाय आत्मसन्मानासाठी जो चिनी शब्द आहे, ‘त्स्‌त्सुन’, त्यालाही दुसरी बाजू आहे. ज्याचं ‘त्स्‌त्सुन’ फार कडक, तो माणूस पटकन दुखावणारा, अपमान मनाला लावून घेणारा. आपल्याकडे ‘फार मानी आहे हो तो’ म्हणताना आवाजात कौतुक आणि सावधगिरी दोन्ही असतात, तसंच काहीसं.

पण हे सगळं मान्य करूनही, समोर जे वाक्य छापलंय ते मुळातलं वाक्यच नाही, ही गोष्ट संस्कृतीच्या पांघरुणाखाली का ढकलायची? ‘मला अधिक मान मिळवायचाय’ हे वाक्य पुण्यातल्या, शिकागोतल्या, नैरोबीतल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवा. तिथेही बहुतेक जण ‘हो’च म्हणतील असं मला वाटतं. त्यासाठी कन्फ्यूशियसला साक्षीला बोलवायची गरज नाही. भाषा की संस्कृती हे वेगळं काढायचं असेल तर उपाय साधा आहे: विद्यार्थी तेच ठेवा, वाक्य बदला. निम्म्यांना ‘शीवांग’वालं द्या, निम्म्यांना ‘ज्योउ हाओ ल’वालं. नवं वाक्य बाकीच्या उलट वाक्यांच्या रांगेत येऊन उभं राहिलं तर दोष भाषांतराचा. तरीही अडून बसलं तर मग संस्कृतीबद्दल बोलू.

एक गोष्ट मात्र खरोखर संस्कृतीकडे बोट दाखवते, आणि ती आठव्या वाक्यापुरती नाही. स्पेन्सर-रॉजर्स, पेंग आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं की चिनी उत्तरदाते स्वतःबद्दलच्या चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही विधानांना एकाच वेळी दुजोरा देताना जास्त दिसतात. माझ्यात गुण आहेत, आणि मी कधी कधी निरुपयोगी असतो; यात त्यांना विसंगती वाटत नाही. मग घटक विश्लेषणात, म्हणजे कोणती वाक्यं एकत्र चालतात ते शोधणाऱ्या गणितात, सरळ वाक्यांचा एक पुंजका आणि उलट वाक्यांचा दुसरा पुंजका दिसतो आणि ‘आत्मसन्मानाचे दोन घटक’ असा निष्कर्ष निघतो. तो घटक खरा की वाक्यांच्या घडणीचा परिणाम, यावर इंग्रजी उत्तरांबद्दलही भांडणं आहेत. श्मिट आणि ॲलिक यांनी 2005 मध्ये 53 देशांतल्या 16,998 लोकांची, 28 भाषांमधली उत्तरं एकत्र केली, तेव्हा त्यांनाही म्हणावं लागलं की उलट वाक्यं देशोदेशी वेगवेगळी समजली जातात आणि थेट तुलना जपून करावी.

आता उपायांकडे. चिनी अभ्यासांमध्ये आठव्या वाक्याची विल्हेवाट तीन प्रकारे लावलेली दिसते. काही जण संग्रहात दिल्याप्रमाणे उलटेच गुण देतात. काही जण ते वगळून नऊ वाक्यांची बेरीज करतात. आणि काही जण त्याला सरळ वाक्य मानून सरळ गुण देतात.

हा तिसरा उपाय मला सगळ्यांत खटकतो, आणि नेमका तोच हुशारीचा वाटतो. ‘चिनी विद्यार्थी याला होकार देतात, मग यात होकार म्हणजे आत्मसन्मान!’ असं कसं? मान मिळवायची आस आत्मसन्मान भरपूर असलेल्याला असू शकते, आणि अजिबात नसलेल्यालाही. वरचंच गणित पुढे न्या: आठव्या वाक्याला सरळ गुण दिले, -0.10 चे +0.10 झाले. सरासरी सहसंबंध 0.34, आल्फा 0.84. म्हणजे 0.81 पेक्षा बरा, म्हणून खूश व्हायचं. पण वाक्य काढून टाकलं असतं तर 0.86 होता. खिडकीची फुटलेली काच उलटी करून बसवली म्हणून वारा थांबत नाही.

वगळणं त्यातल्या त्यात प्रामाणिक. पण त्यातही एक मेख आहे. ज्या चारशे उत्तरांवरून तुम्ही ठरवलंत की आठवं काढायचं, त्याच चारशे उत्तरांवर नऊ वाक्यांचं प्रतिमान बसवून ‘बघा, आता कसं चपखल बसतंय’ म्हणणं म्हणजे पेपर फुटल्यावर पहिला नंबर काढणं. निर्देशांक सुधारणारच, सगळ्यांत वाईट वाक्य तुम्ही हाताने उचलून बाहेर ठेवलंय. निदान उत्तरांचे दोन भाग करावेत. एका भागावर निर्णय, दुसऱ्यावर परीक्षा. दुसरा भाग दुसऱ्या विद्यापीठातला असेल तर उत्तम, कारण एकाच वर्गगटातल्या मुलांची मतं एकमेकांना लागलेली असतात. बाकी सप्रमाणतेची नेहमीची कामं, म्हणजे काही आठवड्यांनी पुन्हा भरून घेणं, नैराश्य किंवा जीवनसमाधानाच्या पट्टीशी ताडून बघणं, मुलगे आणि मुली वाक्यं सारखीच समजतात का ते तपासणं, ती करायचीच. त्यांत या प्रकरणापुरतं वेगळं काही नाही.

चौथा उपाय वाक्य नव्याने लिहिण्याचा. मला विचाराल तर हाच बरोबर. याला होणारा विरोधही समजण्यासारखा आहे: वाक्य बदललं की 1993 पासूनच्या आकड्यांशी तुलना तुटते. पण तुलना आधीच तुटलेली आहे, ते पुढे येतंच.

आणि या सगळ्याच्या आधी, क्यूआर कोड टाकण्याच्याही आधी, आठ-दहा विद्यार्थ्यांना समोर बसवून विचारायचं: हे वाक्य मोठ्याने वाच, आणि तुझ्या शब्दांत सांग. बस. यात ना संगणक लागतो, ना चारशे माणसं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात एम.ए.च्या तोंडी परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. मुलीने रोझेनबर्ग पट्टीचं स्वतः मराठी भाषांतर केलेलं. आल्फा चांगला होता. तक्त्यात आठवी ओळ नेमकी तशीच लटकत होती. मी म्हटलं, “आठवं विधान वाच बरं.” तिने वाचलं: “मला स्वतःबद्दल अधिक आदर वाटावा अशी माझी इच्छा आहे.” “आता तू याला काय उत्तर दिलं असतंस?” तिने जरा विचार केला. “पूर्ण सहमत, मॅडम. इच्छा तर सगळ्यांचीच असते ना?” आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन जीभ चावली. तिला गुण कमी दिले नाहीत. तिच्या मार्गदर्शकांनीही ते वाक्य वाचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पाच मिनिटांपूर्वीपर्यंत मीही नव्हतं.

चिनी भाषांतरातली पहिली दोन घसरणं तिने टाळली होती. ‘बद्दल’ होतं, ‘वाटावा’ होतं. पण तिसरीत ती गेली. आणि मराठीत तर ‘वाटला असता तर’ हे रूप आयतं हाताशी असताना गेली. ‘इच्छा आहे’ हे शब्द प्रश्नावलीच्या भाषेत जास्त शोभतात असं वाटतं, त्याने घात होतो. छापील मराठी लिहायला बसलं की आपण बोलतो ती क्रियापदं बाहेर काढून ठेवतो.

चीनमध्ये आज काय परिस्थिती आहे? तेच ‘शीवांग’वालं वाक्य पुष्कळ ठिकाणी आठव्या जागेवर आहे, आणि शेजारी बेरजेच्या तीन तऱ्हा नांदताहेत: दहा वाक्यं उलट्या आठव्यासह, दहा वाक्यं सरळ आठव्यासह, आणि नऊ वाक्यं, ज्यांची बेरीज 9 ते 36 मध्ये पडते. नऊवाली लगेच ओळखू येते. पहिल्या दोन मात्र दिसायला सारख्याच, दोन्ही 10 ते 40. समजा एखाद्या विद्यापीठात आठव्या वाक्याची सरासरी 3.3 आहे, म्हणजे बहुतेकांनी होकार दिलाय. सरळ गुण दिले तर बेरजेत 3.3 पडतात, उलटे दिले तर 1.7. फरक 1.6 गुणांचा. बेरजेचं प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांच्या बेरजा सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, 5 च्या आसपास धरलं तर हा त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग झाला. एवढा फरक दोन पिढ्यांमध्ये किंवा दोन देशांमध्ये सापडला तर त्यावर लेख लिहून होतो. वीस-पंचवीस वर्षांतले चिनी विद्यार्थ्यांचे आकडे एका ओळीत मांडून आत्मसन्मान चढला की उतरला हे बघायला बसलेल्या माणसाला आधी प्रत्येक लेखाच्या पद्धतीच्या भागात जाऊन एवढंच शोधावं लागतं, की यांनी आठव्याचं काय केलं. आणि बऱ्याच लेखांमध्ये ‘रोझेनबर्ग पट्टी, दहा विधानं’ एवढंच लिहून पुढे आल्फा दिलेला असतो.